कॅमेऱ्यासमोर काढलेली दृष्ट

मी बसवर कंडक्टर होतो, बत्तीस वर्षं. दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायचं आणि घरी येऊन गप्प बसायचं, एवढंच मला जमायचं. रिटायर झालो तर अनोळखी माणसं घरातच आली. ती दिसायची नाहीत, पण सून रोज सकाळी त्यांची विचारपूस करायची. "हाय फॅमिली, कसे आहात सगळे?" पहिल्या दिवशी मी आतून "बराय" म्हणालो. ते मला विचारलेलं नव्हतं.

चॅनल मुलाचा आणि सुनेचा. सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या अंगाला आमच्या तीन खोल्या, आणि माणसं पाच: मी, आमची ही, मुलगा, सून आणि नात. सुरुवातीला सून भाकरी थापताना दाखवायची. ते कुणी बघेना. एकदा मधेच नात आली, शेंगाचटणीत बोट बुडवून पळाली, ते लोकांना आवडलं. तेव्हापासून भाकरी बंद झाली आणि नात सुरू झाली. तिचा पडलेला दात, तिचं इंजेक्शन, तिचा गणिताचा पेपर, रुसून कपाटामागं बसणं. तिला काही विचारलं की ती आधी फोन कुठं आहे ते बघायची, मग उत्तर द्यायची.

मी तेव्हाच विरोध केला असं सांगायला मला आवडलं असतं. केला नाही. चॅनलवर मला 'कडक आबा' म्हणायचे. अकलूजला एका लग्नात तिघांनी माझ्याबरोबर फोटो काढले, आणि वाढपी पुढं गेलेला परत आला, ताटात जिलबी टाकून गेला. सुट्ट्या पैशांवरून जन्मभर शिव्या खाल्लेला माणूस मी. लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

नात नऊ वर्षांची असताना मुलानं एक गंमत ठरवली. तिला सांगायचं, उद्यापासून तू हॉस्टेलला. तिच्यादेखत ट्रंक भरायची, आणि ती रडली की 'गंमत केली' म्हणायचं. माळ्यावरची ट्रंक मी काढली. मला एकच वाक्य होतं, तेही मी म्हटलं, "जायचं म्हंजे जायचं." ती आधी रडली नाही. म्हणाली, "मी काय केलं ते सांगा ना, परत नाही करणार." मग रडायला लागली ती 'गंमत केली' म्हटल्यावरही थांबेना. तो व्हिडिओ लोकांनी खूप बघितला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

त्याच आठवड्यात तिचं अंथरूण ओलं व्हायला लागलं.

ती माझ्या शेजारी झोपायची. पहिल्या गाडीची सवय, मला पहाटे पाचला जाग येते. बघतो तर नात भिंतीला टेकून बसलेली.

"आबा, कुणाला सांगायचं नाही हां."

"नाही सांगत."

"आजीला पण नाही."

"आजीला पण नाही."

मी चादर घेऊन गच्चीवर गेलो. उभ्या जन्मात स्वतःची बनियन धुतली नव्हती, तो मी नळाखाली चादर चोळत बसलो. आमच्या गावच्या उन्हात नऊ वाजेपर्यंत चादर वाळून पापड होते, कुणाला कळायचं कारण नव्हतं. महिनाभर आमचं हे बिनबोभाट चाललं. चौथीच्या दोन कविता तिनं मला त्या गच्चीवर म्हणून दाखवल्या.

मग एक दिवस ही म्हणाली, "धुण्याचा साबण कुटं जातुया वो?"

"मला काय माहीत?"

विनातिकीट प्रवासी कसा बोलतो ते मला पाठ आहे. मी अगदी तसाच बोललो होतो. ही नुसती बघत राहिली, आणि मी पाच मिनिटंही टिकलो नाही. सगळं सांगून मोकळा झालो, वर "कुणाला सांगू नको" अशी ताकीद दिली.

ही म्हणाली, "दिष्ट लागलीया पोरीला. येवडी माणसं बघत्यात, लागंल न्हाय तर काय!"

रोगाचं निदान बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. चुकलं ते औषध. दृष्ट काढायला मीठ, मोहरी, लाल मिरच्या आणि तिठ्यावरची चिमूटभर माती लागते. आमच्या जवळ सात रस्ता. ही म्हणाली, तीनापेक्षा सात बरे, गुण जास्त येईल. तेव्हा शनिवारी दुपारी मी सात रस्त्याला भर गर्दीत वाकून माती उचलली. ट्रॅफिकवाल्यानं विचारलं, "काय हरवलं का आजोबा?" मी म्हणालो, नाही.

संध्याकाळी हिनं नातीला पाटावर बसवलं. सून बाहेरून आली, तिनं हिची मूठ बघितली आणि म्हणाली, "आत्या, थांबा थांबा, जरा उजेडाकडं तोंड करून बसवा." फोन उभा राहिला. आता, दृष्ट काढताना कुणाकुणाची नजर ते बोलायचं असतं, आणि कशासाठी काढतोय तेही बोलायचं असतं. मनातल्या मनात म्हटलं तर उतरत नाही, असं आमच्याकडं धरतात. ही चाळीस वर्षं दृष्ट काढत आलेली बाई. तिच्या लेखी समोर नात होती आणि वर देव होता, मधे फोन नव्हता. तिनं मूठ ओवाळत म्हटलं, "आल्यागेल्याची, शेजारच्याची, शाळंतल्याची, फोनातल्याची, जेची लागली आसंल तेची जळून जाऊ दे, आन् पोरीचं रातचं हातरुण वलं व्हायचं थांबू दे."

नातीनं वर बघितलं. फोनकडं नाही, माझ्याकडं.

तेव्हाच मी फोन आडवा करायला पाहिजे होता. मी विस्तवावर पडलेल्या मिरच्यांचा ठसका येतो का ते बघत होतो. आला नाही. ठसका न येणं म्हणजे दृष्ट जबर. सून मात्र रडायलाच लागली, "मला का नाही सांगितलं कुणी?" ते रडणं खरं होतं. तेही रेकॉर्ड झालं.

रविवारी सगळं लोकांपुढं गेलं. "कुणीतरी उपाय सांगेल हो मामा," सून म्हणाली. आमच्याकडं सून सासूला आत्या आणि सासऱ्याला मामाच म्हणते. मुलगा म्हणाला, बघू तरी काय म्हणतात. लोकांनी उपाय सांगितले. तीळ-गूळ द्या, खजूर द्या, चार वाजल्यानंतर दूध देऊ नका. एकानं रबरी चादर घरपोच पाठवतो म्हणून लिहिलं.

सोमवारी नात शाळेतून आली ती बोललीच नाही. मंगळवारीही नाही. तिच्या बाकावरची मुलगी नाकाला रुमाल लावून दुसरीकडं बसायला गेली, हे बाईंनी आम्हाला मागाहून सांगितलं. मला दिसत होती ती पाण्याची बाटली. सकाळी भरून न्यायची तशी भरलेली परत यायची. मार्च संपत आलेला, बाहेर पाय ठेवला की टाळू तापायची. मी मूळचा सांगोल्याकडचा, टँकरच्या रांगेत वाढलेला. पाण्यासाठी भांडणारी माणसं मी खूप बघितली. घरात पाणी असून नको म्हणणारं पोर पहिल्यांदा बघत होतो. "पी की गं," म्हटलं तर तोंड फिरवायची.

गुरुवारी ती प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी विचारलं, "बाळ, पाणी का पीत नाहीस?"

"प्यायलं की होतं," ती म्हणाली. "आणि मग सगळ्यांना कळतं."

सुनेच्या हातात फोन होता, आणि सवयीनं तो वर आला. काय दाखवायचं होतं, तिला तरी कुठं ठाऊक? मी फोन हिसकावला आणि ओरडलो. बत्तीस वर्षं शेवटच्या सीटपर्यंत पोचवलेला आवाज आहे हा. "पोरगी हाय ती आपली! सर्कस हाय व्हय? मारताय का तिला?" बाहेर बाकावरचे दोन पेशंट उठून उभे राहिले. "आन् मीबी तसलाच," मी म्हणालो. पण ते हळू म्हणालो, फारसं कुणाला ऐकू गेलं नसावं.

सून दवाखान्याच्या पायरीवर जाऊन तास-दीड तास रडली. त्या रडण्याचा व्हिडिओ नाही. त्या संध्याकाळी दोघांनी नातीचं एकूण एक काढून टाकलं. निदान आपल्याकडचं. ज्यांनी उतरवून घेतलं होतं त्यांचं कोण काढणार? अजून कुणीतरी, कुठंतरी, तिला हॉस्टेलला पाठवतंय. चॅनलवर परत भाकरी सुरू झाली, परत कुणी बघत नाही. सून म्हणते, बरं आहे.

अंथरूण ओलं व्हायचं थांबायला पाच-सहा महिने गेले. तोवर नातीनं आपली गादी उचलून आजीच्या पलीकडं टाकली होती. बोंब आजीनं मारली आणि राग माझ्यावर, हे मला काही दिवस कळेना. शेवटी विचारलं. ती वही मिटून म्हणाली, "आजीनं कुठं वचन दिलं होतं?" वर्षभर ती मला हवं-नको विचारायची, चहा आणून द्यायची, आणि सांगायची काहीच नाही. असला कोरडा चहा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आता तिला बारा संपून तेरावं लागलंय. हे सगळं मी वहीत लिहिलं, आणि बाहेर कुणाला द्यायच्या आधी तिच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "वाच. नको म्हणालीस तर तुझ्यासमोर फाडतो."

दोन दिवस वही तिच्या दप्तरात होती. तिसऱ्या दिवशी आणून दिली. "नावं काढा सगळी," म्हणाली. काढली. दोन ठिकाणी तिनं लाल पेनानं आख्खा मजकूर खोडला होता, वाचता येऊ नये इतका गिरवून.

"हे नको."

"बरं."

ती माझ्या कॉटच्या कडेवर बसली आणि शाळेतलं काहीतरी सांगायला लागली. मी फक्त ऐकलं.

खोडलेल्या जागी काय होतं ते आमच्या हिनं मला दोनदा विचारलं, एकदा जेवायला वाढताना आणि एकदा लई गोड बोलून. मी सांगितलं नाही.