सोलांजबाई आणि आईचा कांदा

सोलांजबाई गेल्या, ही बातमी मी आईच्या आधी वाचली आणि चहा होईपर्यंत तिला सांगितलीच नाही. आतल्या पानावर चार ओळी, सोबत फोटो... तेच ताठ नाक.

सत्तरच्या दशकात त्या कन्हान नदीच्या पात्रात शूटिंगला आल्या, तेव्हा मी कामठीत शिकवत होते. इंग्रजी येतं म्हणून त्यांची दुभाषी झाले. फ्रान्समधली मोठी नटी, पण चाळिशी उलटली तसे लोक आईच्या भूमिका देऊ लागले. “मग मीच निर्माती झाले,” त्या म्हणाल्या, जणू भाजी महागली म्हणून परसात लावली. बाई काय होती सांगू... सकाळी मजुरांच्या चहाकडे स्वतः बघायच्या आणि भर मे महिन्यात, भूमिकेतल्या नर्सच्या झग्यात, तापल्या वाळूवर अनवाणी चालायच्या. कॅमेरा जुळेपर्यंत तुमच्या जागी दुसरी मुलगी उभी करू म्हटलं, तर म्हणाल्या, “ऊन माझ्या चेहऱ्यावर दिसायला हवं.” मी नुसती बघत राहायचे.

आई माझा डबा घेऊन यायची. शेवटच्या दिवशी तिने त्यांच्या खिशात कांदा कोंबला. “ठेव वं बाई. ऊन नाही लागत तुले.” मी इंग्रजीत सांगितलं, तसा त्यांनी हसून खिसा थोपटला.

कोऱ्या फिल्मचं एकच रीळ उरलं होतं, पुन्हा घ्यायची सोय नव्हती. कोरड्या पात्रातून कॅमेऱ्यापर्यंत चालत यायचं, एवढंच. पण सिनेमाचा शेवट तो. निम्म्या वाटेत कांदा पडला. कॅमेरामनने कपाळाला हात लावला. बाई थांबल्या, वाकल्या, कांदा उचलून झग्याला पुसला, खिशात ठेवला आणि तशाच चालत आल्या... चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. रीळ संपलं. “आता?” मी विचारलं. “पॅरिसला गेल्यावर बघू.” आईला हात जोडून त्या मोटारीत बसल्या.

आईने ते मनाला लावून घेतलं. “माह्या कांद्यानं त्या बाईचा शिनेमा खराब केला,” वर्षानुवर्षं हेच. समजावून मी थकले. सिनेमा काही नागपूरला आला नाही, दाखवणार काय?

म्हणून त्या दिवशी चहा झाल्यावर मी बातमीची शेवटची ओळ मोठ्याने वाचली... कोरड्या नदीतून येताना वाकून कांदा उचलणारी सोलांज रसिक विसरणार नाहीत.

आईने ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, “म्हंजे नाही झाला खराब.”

उन्हात निघाले की माझ्या पर्समध्ये ती अजून कांदा टाकते. हल्ली टाकण्याआधी पदराने पुसते. पूर्वी पुसत नसे.