मे महिन्यातला हीटर

मी तीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात टर्नर होतो. त्यामुळं कुठलंही मशीन दिसलं की मला वाटतं, यातलं मला कळतं. घरातला मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, सगळं मीच उघडतो, आणि बऱ्याच वेळा ते पुन्हा चालूही होतं. बायको म्हणते, "बाकीच्या वेळी काय होतं तेही सांगत जा की लोकांना." तेच सांगायला बसलोय.

दोन उन्हाळ्यांमागं आमची जुनी गाडी हर्सूल तलावापाशी तापून बंद पडली. छावणीतल्या मिस्त्रीनं इंजिनातून एक छोटी पितळी झडप काढली आणि माझ्या हातावर ठेवली. थर्मोस्टॅट. तिच्या पोटात मेण असतं, ते तापलं की फुगतं आणि झडप उघडते. ही अडकून बसली होती, उघडतच नव्हती.

"मग फेकून दे," मी म्हणालो. "नवीन बसवू नको. ही थंड मुलखातली थेरं. आपल्याकडं काय कमी ऊन आहे का?"

"साब, ये निकालने की चीज नै है," मिस्त्री म्हणाला. दोन बोटं पुढं करून त्यानं मला समजावलं. इंजिनातून निघालेल्या पाण्याला दोन वाटा असतात. एक जवळची, वळून लगेच इंजिनात जाणारी. दुसरी लांबची, रेडिएटरमधून थंड होऊन येणारी. इंजिन गार असतं तोवर झडप लांबची वाट बंद ठेवते. तापलं की लांबची उघडते आणि जवळची दाबून धरते. "निकाल दिये तो दोनों रस्ते खुले. आधा पानी गरमच वापस जाता. घाट में रुलायेगी, देखो."

मी हसलो. आयुष्य लोखंडात घालवलेल्या माणसाला हा शिकवतोय! माझी पोरगी सोबत होती, नुकतीच अकरावी झालेली. हळूच म्हणाली, "पप्पा, बरोबर बोलतायत ते." मी तिलाही गप्प केलं.

दोन वर्षं गाडी शहरात झकास चालली. भेटेल त्याला मी सांगायचो, बघा, झडपेवाचून काही अडलं का?

यंदाच्या मे महिन्यात पोरीची डॉक्टरकीची परीक्षा होती. दुसरी खेप. पहिल्यांदा थोडक्यात हुकली होती, मग वर्षभर तिनं ना लग्न पाहिलं ना सण. तिनं आम्हाला सांगूनच ठेवलं होतं, "यंदा नाही झालं तर बीएस्सीला नाव घालते. परत नाही बसणार." केंद्र आलं खुलताबादच्या एका कॉलेजात. दीड वाजता गेट बंद. बायको म्हणाली, सकाळच्या एसटीनं जा, लवकर पोचून झाडाखाली बसा.

"घरची गाडी दारात असताना एसटीनं?" मी भडकलोच.

अकराला निघालो. रविवार होता. दौलताबादच्या वेशीत गाड्यांची ही रांग लागलेली. तासभर आम्ही मुंगीच्या चालीनं सरकलो आणि तापमानाची सुई वर वर चढत राहिली. पोरगी तिच्याकडंच बघत होती. मी म्हणालो, "रस्ता मोकळा झाला की उतरेल."

घाट लागला आणि सुई लाल पट्टीला टेकली. दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. पावणेएक झाला होता.

थोडं थांबून फडक्यानं रेडिएटरचं झाकण सैल केलं तरी हात पोळला. मग बाटल्यांतलं पाणी ओतलं. पोरगी म्हणाली, "पप्पा, हीटर लावा. फुल. इंजिनातली उष्णता आत ओढून घेईल, चढ निघून जाईल."

"मे महिन्यात हीटर? डोकं ठिकाणावर आहे का?"

"फिजिक्स आहे हो."

"तुझं फिजिक्स पेपरात लिही! दहा मिनिटं गप बस."

ती बसली. दहाची वीस झाली. गाडी सुरू केली, शंभर पावलं गेलो, परत वाफ. एक वाजून दहा. पोरगी उतरली, फोन सीटवर ठेवला, कारण परीक्षेला आत फोन चालत नाही, आणि प्रवेशपत्र छातीशी धरून रस्त्याच्या मध्ये उभी राहिली. दोन मोटरसायकली वळसा घालून निघून गेल्या. तिसरा दूधवाला, रिकाम्या कॅन्या लावलेला. तो थांबला. ती कशीबशी मागं बसली आणि वळणाआड गेली. तिनं मागं पाहिलं नाही.

मी एकटाच उरलो. पंधरा मिनिटं इंजिन गार होऊ दिलं, गाडी सुरू केली, आणि बघणारं कुणी नव्हतं म्हणून हीटर लावला. फुल. पायांवर भट्टी पेटली, घामानं डोळे चुरचुरायला लागले. पण सुई उतरायला लागली. एक वळण, दोन वळणं, आख्खा घाट चढून गेलो आणि ती लाल पट्टीच्या बरीच खालीच राहिली. मला रडू कोसळलं. स्वतःला इतक्या शिव्या मी उभ्या जन्मात दिल्या नव्हत्या.

पोरगी गेटच्या बाहेर होती. लिंबाखाली, पायरीवर. प्रवेशपत्र मांडीवर. तिला पोचायला तीन मिनिटं उशीर झाला होता. वॉचमन मान खाली घालून म्हणाला, "लई विनवण्या केल्या हो लेकरानं. पण आतून ऑर्डर नाय."

मी तिच्यासमोर उभा राहिलो. ओरडली असती, काही फेकून मारलं असतं, तर बरं झालं असतं. तिनं माझा पोळलेला हात पाहिला.

"गाडी थंड झाली का?" तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "हीटर लावला," मी म्हणालो. "तू म्हणाली तसा. लगेच उतरली सुई."

तोवर ती रडली नव्हती.

"म्हणजे पोचलो असतो," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो.