मुकं बिल्ड

मी काय काम करते हे पाहुण्यांना सांगायचं म्हणजे माझ्या नाकी नऊ येतात. "कॉम्प्युटरचं" म्हटलं की, "मग आमचा प्रिंटर बघ की जरा," म्हणून मोकळे. प्रिंटर नाही हो बघत मी! जगात अगदी मूठभर लोक वापरतात अशा काही ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम तिथं चालवायचा तर तो त्या मशीनसाठी आधी तयार करून घ्यावा लागतो, त्याला बिल्ड म्हणतात. ते बिल्ड हमखास मधेच कोसळतं. का कोसळलं ते शोधायचं, चार ओळी बदलायच्या आणि पुन्हा लावायचं, हे माझं काम. भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत बसून मी ते करते. शेजारच्या कारखान्यात माग दिवसभर खडखडत असतात.

आमचे नायना त्याच मागांवर जन्मभर टॉवेल विणत होते. आम्ही घरात तेलुगू बोलतो, वडिलांना नायना म्हणतो. घशाच्या कॅन्सरमध्ये त्यांची स्वरपेटीच काढून टाकली. राहिलं गळ्याला एक भोक आणि हातात पाटी. पण पाटीवर लिहिलेलं वाचणार कोण? अम्माला अक्षरओळख नाही. मी वाचून दाखवायचे, पण नवराबायकोच्या मधे पोरीनं किती तोंड घालायचं? मी जवळ आले की नायना तळहातानं पाटी पुसून टाकायचे. 

म्हणून मी त्यांना एक बोलणारा प्रोग्रॅम बसवून दिला. टाइप करा, तो मोठ्यानं म्हणून दाखवतो. मोबाईलसुद्धा बोलतो हे मला माहीत आहे, सांगू नका. पण नायना शिकले मराठी शाळेत. बोलायचं तेलुगू आणि लिहायचं मराठी अक्षरांत, आमच्या गल्लीत सगळ्यांचं असंच आहे. आणि मराठी वाचणारं यंत्र शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतं. तेलुगूत 'इक्कड' म्हणजे इथं, त्यातला ड पुरता म्हणावा लागतो. मोबाईल 'इक्कड्' म्हणून तोंड मिटून घ्यायचा. मागांपायी अम्माचे कान आधीच अधू. ती म्हणायची, "हा कोण बोलतोय मेला?" मग मी या प्रोग्रॅममध्ये हात घातला आणि तो 'अ' आणून बसवला. घरातल्या जुनाट लॅपटॉपला मोठी सिस्टिम झेपत नव्हती, म्हणून माझ्या कामातलीच एक हलकी, कुणी विचारत नाही अशी सिस्टिम त्यावर टाकली. त्या यंत्रावर दोघं भांडले, हसले. भाजीत मीठ जास्त पडलं हेसुद्धा ते ओरडून सांगायचं.

उन्हाळ्यात लॅपटॉपची डिस्क गेली. नवी घातली, सिस्टिमची नवी आवृत्ती टाकली, आणि प्रोग्रॅम काही बिल्ड होईना. त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, गाठ परत आली आहे, सोमवारपासून पुन्हा किमो देऊ. नायना बाहेरच्या बाकावर होते, त्यांना कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर अम्मा माझ्यासमोर उभी राहिली. "सोमवारच्या आत त्यांना बोलतं कर. तिथून माणूस कसा परत येतोय कुणाला ठाऊक. मला बोलायचंय त्यांच्याशी."

बसले. आमच्या धंद्यात शेवटची ओळ वाचून कपाळ बडवायचं नसतं. पडद्यावर चुकांचा ढीग पडलेला असतो, त्यातून वर वर जायचं, पहिली चूक कुठं झाली तिथपर्यंत. गेले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी काय गृहीत धरलं होतं, तर सिस्टिम ही मोठी नसेल तर ती दुसरी मोठी असणारच. तिसरं कुणी जगात नाहीच! मी त्यांना कळवलं. उत्तर आलं, तुमची सिस्टिम आम्ही आता धरत नाही, वापरतं तरी कोण? अरे मेल्यांनो, माझा बाप वापरतो! हे मी लिहिलं नाही, नुसती ओरडले. मागांच्या खडखडाटात कुणाला ऐकूही गेलं नाही.

तेवढ्यात नायना आले. पाटी माझ्यासमोर धरली. 'दवाखाना चालु.'

मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "हो नायना, चालू करायचाय. सोमवारी नेते की."

त्यांनी पाटी आणखी जवळ आणली, त्या शब्दांवर बोट ठोकलं.

"अहो कळलं! काम करू द्या ना जरा." माझी नजर पडद्यावरच होती. ते पाटी घेऊन आत गेले.

रविवारी बिल्ड शेवटपर्यंत गेलं. एक चूक नाही. मी टाइप केलं, तर आवाजच नाही. मुकं! आवाजाचा भाग सापडला नाही तर तो गुपचूप वगळून पुढं जायचं, असं कुणीतरी त्यात लिहून ठेवलं होतं. कोसळलं असतं तरी परवडलं असतं. हे असं न सांगता सोडून देणं बघून माझं डोकंच फिरलं. आमच्या सिस्टिमवर तो भाग वेगळ्या जागी असतो, तर ती जागा शोधून दिली, माझा 'अ' परत आत घातला आणि पुन्हा लावलं. सोमवारी सकाळी दवाखान्याची पिशवी भरून दारात ठेवलेली असताना यंत्र बोललं.

"झालं, झालं!" मी नाचायचीच बाकी होते. अम्मा गॅस बंद करून आली आणि स्पीकरला कान लावून बसली. नायनांनी एका बोटानं एकेक अक्षर दाबलं.

यंत्र म्हणालं, "दवाखाना चालु."

मी हसतच होते. तिकडंच निघालोय की, असं म्हणणार होते, तोवर अम्माच्या तोंडाकडं लक्ष गेलं. आणि मग मला ते ऐकू आलं. आम्ही वाचतो ते सगळं मराठी, म्हणून पाटीवरचंही मी मराठीच वाचलं होतं. कानानं ऐकलं तर ते तेलुगू होतं. दवाखाना दोन्हीकडे दवाखानाच, पण तेलुगूत चालु म्हणजे पुरे. दवाखाना पुरे. माणूस जीव तोडून सांगत होता, आणि मी त्यांना म्हटलं, काम करू द्या.

नायनांचं बोट थांबलं नव्हतं. "इंट्लोने उंटा." घरातच राहतो.

माझा हात बटणाकडे गेला. खरं सांगते, मला ते यंत्र बंद करायचं होतं. ज्या आवाजासाठी मी जिवाचं रान केलं, तो आवाज मला नको झाला. "नायना, एकदा घेऊन बघू या ना," मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतायत, गुण येईल."

अम्मानं माझा हात धरून बाजूला केला, चांगला जोरात. किमोला सगळ्यात आधी हो म्हणणारी तीच होती. "बोलू दे," ती म्हणाली. "माझ्याशी बोलतायत ते."

मग तिनं त्यांना विचारलं, लई दुखतंय का. यंत्र म्हणालं, हो. तिनं विचारलं, कधीपासून. त्याचं उत्तर टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला.

बाहेर ठरवलेली रिक्षा येऊन थांबली, हॉर्न वाजला. दोघांपैकी कुणी उठलं नाही. मीच गेले. रिक्षावाला मागची सीट फडक्यानं पुसत होता. माझ्या मागं कुणी येत नाही हे बघून म्हणाला, "काय ताई, दवाखाना बंद हाय काय आज?"

"हो," मी म्हटलं. "बंद."