उसनं वजन

चारचौघांत माझं वजन पहिल्यांदा झालं ते धानाच्या काट्यावर.

सिंदेवाहीपासून थोडं आत आमचं गाव. गावाबाहेर धान खरेदीचं गोदाम आहे आणि गोदामामागच्या मोकळ्या जागेत आम्ही सहा पोरी पोलीस भरतीची तयारी करायचो. पहाटे रस्त्यावर धावायची सोय नव्हती, वाघ फिरत होता. शिकवणारे सर गावातलेच, स्वतः दोनदा भरतीला जाऊन हात हलवत परत आलेले. ज्याला स्वतःचं वजन माहीत नाही त्यानं भरतीचं नाव काढू नये, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यातला काटा लांब, गोदामातला समोर. त्यांनी आम्हाला ओळीनं उभं केलं.

खरेदीचे दिवस होते. ट्रॅक्टरवाले, हमाल, बिडी ओढत नंबरची वाट बघणारे, सगळे होते. काट्याचे लाल आकडे लांबूनही दिसावेत एवढे मोठे. धान देणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून ते तसे असतात. माझा नंबर आला, मी चढले आणि आकडा सत्तरवर थांबला.

काटेवाला मान वर न करता म्हणाला, "पावणेदोन कट्टे. बारदाना वजा करू का वो बाई?"

कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं आणि बारदाना म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, ते धानातून वजा करतात. माझा बारदाना म्हणजे भावाची ट्रॅकपँट आणि सैल टी-शर्ट. सगळं गोदाम हसलं. मीही हसले. लाज वाटली की मी हसते, ही सवय अजून गेली नाही. त्या दिवसापासून माझं नाव कट्टा पडलं.

राग मला पटकन येतो. लाज सावकाश येते, पण आली की मुक्कामाला राहते. त्या रात्री मी राग काढला तो आईवर. भाजीत तेल किती टाकतेस म्हणून भांडले. तेल होतं चमचाभर.

मी आईवर गेले आहे. बाबा काडीपैलवान, वाऱ्यानं उडून जातील असे. भाऊ त्यांच्यावर गेला. आई मात्र हाडापेरानं मोठी. रुंद खांदे, जाड मनगटं, मोठे पंजे. बाजारात बांगडीवाली तिला बघितलं की समोरच्या बांगड्यांना हातच लावायची नाही, खालचा डबा ओढायची. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्याचे, म्हणजे धानाच्या रोपांचे, भारे उचलायला बायका तिलाच हाक मारायच्या. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. मोठी झाले तशी बांगडीवाली माझ्यासाठीही खालचा डबा ओढायला लागली आणि अभिमान कुठं गेला कळलं नाही.

आमच्यातली एक पोरगी सगळ्यांत जोरात धावायची. शिडशिडीत, मानेवर वेणी उडायची, आणि थांबल्यावर धापसुद्धा लागायची नाही. काट्यावर ती बावन्न भरली होती. घरी येऊन मी मोबाईलवर तक्ता काढला. माझ्या उंचीला सत्तेचाळीसपासून चौसष्टपर्यंत काहीही चालतं, असं त्यात होतं. एवढी मोठी जागा मोकळी सोडली आहे, तर बावन्न काय वाईट? शेजारून साखर, चहापत्ती उसनी आणतात, तसं मी तिचं वजन उसनं आणलं. माझं शरीर कसलं आहे, हा प्रश्न मला पडलाच नाही. ते कसलं नसावं, एवढंच पक्कं होतं.

मी भात सोडला. आमच्या झाडीपट्टीत भात सोडणं म्हणजे जेवण सोडणं. 'जेवलीस का' या प्रश्नाचा अर्थच 'भात खाल्लास का' असा असतो. काकडी, कोरा चहा, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, एवढ्यावर मी दिवस काढायची. पिवळं कोंबडीलाच टाकायची. आई बघत राहायची.

"भात काऊन ठेवला वं ताटात?"

"भूक नाई."

"कोणी काई बोललं का तुले?"

"मले कोण बोलंन?"

पहिले आठ-दहा किलो गेले तेव्हा मला खरंच बरं वाटत होतं. बारावीनंतर दोन वर्षं पुस्तक घेऊन बसून मी सुटले होते, ते उतरायलाच हवं होतं. धावणं सुधारलं. दुकानदारसुद्धा "बारीक झाली वं" म्हणाला आणि ते शब्द मी घरापर्यंत चघळत आले. तिथं थांबले असते तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण माझं बावन्न अजून लांब होतं.

आई रोज सकाळी शेतावर जाताना मैदानावर डबा घेऊन यायची. सर "काकू आल्या" म्हणून सांगायचे आणि मी मुद्दाम उशिरा वळून बघायची. गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी, डोक्यावर टोपलं, हातात डबा. ती गोदामाच्या कोपऱ्यावर दिसली की कोपरा भरून जायचा. डबा घेऊन मी लगेच पाठ फिरवायची.

एकदा आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. ती बावन्नवाली पोरगी सहज म्हणाली, "तू अन् तुयी आई, मागून पाह्यलं तं वळखूच नाई येत कोणती कोण हाय."

पोरी हसल्या. आणि मी, जिला राग पटकन येतो ती, मोठ्यानं म्हणाले, "मले मरण आलं तं चालंन, पण आईसारखं नाई दिसायचं."

त्या दिवशी डबा गोदामाच्या पायरीवर ठेवलेला सापडला. दुसऱ्या दिवसापासून आई आलीच नाही. "शेताची वाट इकडून लांब पडते," म्हणाली आणि डबा शेजारच्या पोरीजवळ द्यायला लागली. शेताची वाट गोदामावरूनच जाते. मला हे तेव्हाही माहीत होतं. पण मला हायसं वाटलं, इतकं की मी विचारलंच नाही.

धावण्यात मी मधली होते, पण गोळ्यात माझ्या जवळपास कोणी नव्हतं. मुलींचा गोळा चार किलोचा, लोखंडी. माझा जिथं पडायचा तिथं सरांनी फक्कीनं रेघ मारून ठेवली होती. पोरी तिला कट्ट्याची रेघ म्हणायच्या. "गोळ्याचे मार्क तुयेच," सर म्हणायचे. मला त्याचीही लाज वाटायची. पोरीच्या जातीला बैलाची ताकद, असं बायका हसत म्हणायच्या, त्याचा मला टोचायचा तेवढाच भाग मी ऐकायची.

चोपन्नवर आले तेव्हा फणीत केसांचे पुंजके निघायला लागले. पाळी दोन महिने आली नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही. उलट दोनच किलो राहिले म्हणून खूश होते. भरतीची तारीख लागली आणि सरांनी आमची चाचणी घेतली. आधी धावणं. शेवटच्या फेरीत मैदान पिवळं दिसायला लागलं आणि मी चालत आले. मग गोळा. मानेला लावला तर तो मला नेहमीपेक्षा जड लागला. सगळा जोर लावून फेकला. तो धप्पकन पडला, माझ्या रेघेच्या कितीतरी अलीकडं. दुसरा तसाच. तिसरा त्याहून जवळ.

सर रेघेजवळ जाऊन उभे राहिले होते, गोळा तिथंच येणार म्हणून. ते तिथून चालत परत आले.

"जोर कुठी गेला वं तुया?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली बसले ती मला उठताच येईना. सरांनी पाणी पाजलं आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात जाच म्हणून सांगितलं.

तिथली डॉक्टर बाई तरुण होती. आधी डोळे पाहिले, मग जीभ, मग पाळीचं विचारलं. ते सांगताना मी भिंतीकडं बघत होते.

"हे बावन्न कोणी सांगितलं?"

"मीच ठरवलं."

"कशावरून?"

"मैत्रिणीचं आहे."

"चप्पल मैत्रिणीच्या मापाची घेतेस का?" तिनं माझं मनगट धरून त्याच्याभोवती माझीच बोटं गुंडाळायला लावली. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकेनात. एवढी उपाशी राहूनही टेकेनात. "बघ. हे हाड आहे, चरबी नाही. ते कमी होत नसतं. तक्त्यात एवढी जागा सोडलीय ती कशाला? बारीक हाडाची खालच्या बाजूला, मोठ्या हाडाची वरच्या. आणि आकडा कुठलाही असो, पोटभर जेवून, धावून, पाळी वेळेवर येऊन जो टिकतो तो आपला. उपाशी राहून टिकवावा लागतो तो दुसऱ्याचा."

मग तिनं विचारलं, "तुमच्या घरात असं हाडपेर कुणाचं आहे?"

"आईचं," मी म्हणाले. इतक्या हळू की तिला परत विचारावं लागलं.

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन ये. म्हणजे तुला नेमकं सांगता येईल."

मी सांगितल्यावर आईनं एका शब्दानं का म्हणून विचारलं नाही. ठेवणीतली साडी नेसली, केसांना तेल लावलं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायला हात धजत नाही. आता हिला सगळ्यांसमोर काट्यावर चढवणार, आकडा लागणार, लोक बघणार, हेच चाललं होतं. हिचं ऐंशीच्या खाली नसणार, अशी माझी खात्री होती.

आई काट्यासमोर उभी राहिली. चप्पल काढली. मग हातांकडं बघून म्हणाली, "बांगड्या काढू का मॅडम? तेवढंच कमी भरंन."

"राहू द्या हो," डॉक्टर म्हणाली.

काटा त्रेसष्टवर थांबला. मी पुढं होऊन परत बघितलं. त्रेसष्टच. गोदामाचा कोपरा भरून टाकणारी माझी आई, मी काट्यावर चढले तेव्हा माझ्यापेक्षा सात किलोनं हलकी होती. तिच्यात नको इतकं काहीच नव्हतं. हाडं आणि काम, एवढंच.

"मले किती कमी करा लागंन?" आईनं विचारलं.

"काहीच नाही. तुम्ही आहात तशा अगदी बरोबर आहात."

आई जरा वेळ काट्यावरच उभी राहिली. हे तिला कधी कुणी सांगितलं नसावं. मग डॉक्टरनं माझ्याकडं बोट केलं, "हिनंही इथंच यायचं. बासष्ट, त्रेसष्ट. भात खाऊन."

भरतीचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव त्यात अडकायला नको. त्या वर्षी मी गोळ्यातच बाद झाले. पुढच्या वर्षी लागले, आणि आता दोन वर्षांपासून अहेरीकडं खाकीत आहे. माझा आकडा त्रेसष्टच्या आसपास असतो आणि खालच्या डब्यातल्या बांगड्या मला बरोबर बसतात. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं, दवाखान्यातून निघाल्यावरचं.

आम्ही बसस्टँडवर थांबलो होतो. आईनं केळी घेतली, एक सोलून माझ्या हातात दिलं आणि मी ते खाऊन संपवेपर्यंत बघत राहिली. दवाखान्यात तिला नीट ऐकू आलं नव्हतं की तिला परत ऐकायचं होतं, कोण जाणे.

"डॉक्टर बाईनं तुले किती सांगलं?"

"तुयाएवढं."

केळ्याचं साल आईनं हातातच धरून ठेवलं होतं. मग तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "मंग तुले लाज नाई वाटणार?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडले असते, ते मला येतं. तिला खरीच काळजी होती. पोरीला आयुष्यभर जी गोष्ट नको होती, तीच आता डॉक्टरनं लिहून दिली, पोरीचं कसं होईल, अशी काळजी. पायरीवर ठेवलेला डबा, लांब पडणारी वाट, सगळं मला एकदम कळलं. मोहाखाली मी ते बोलले तेव्हा ती गोदामाच्या कोपऱ्यामागं उभी होती.

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण मी हसले, माझी ती घाणेरडी सवय. तेवढ्यात बस लागली आणि लोक चढायला धावले.

दोघींना मिळून एक बाक मिळाला. आईनं मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः कडेला बसली, अंग चोरून, खांदे आत ओढून, अर्धी बाकाबाहेर. ती माझ्याशेजारी नेहमी अशीच बसते. बाकं लहान असतात म्हणून, असं मला वाटायचं.

"नीट बस ना आई," मी म्हणाले.

"बसली हाओ ना," ती म्हणाली, आणि अजून थोडी बाहेर सरकली.