बुडबुडे आले तर माल पास

चाकणच्या आमच्या छोट्या दवाखान्यात सुमनताईंचा आवाज डॉक्टरांपेक्षा मोठा. नवजात बाळांची खोली त्यांच्या ताब्यात. चप्पल घालून कुणी आत शिरला तर नगरसेवक असला तरी त्याची धडगत नाही. मी त्यांच्या हाताखालची नर्स. मला त्यांचा धाक वाटतो, आणि त्या रजेवर असल्या की करमतही नाही.

पूर्वी दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, धापा टाकणारं बाळ आलं की अॅम्ब्युलन्समध्ये घालून पुण्याला पाठवायचं आणि कासारवाडीच्या ट्रॅफिकला शिव्या द्यायच्या, एवढंच आमच्या हाती असायचं. आता एक साधं यंत्र आलंय. बाळाच्या नाकात बारीक नळ्या, त्यातून हवा, आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत.

दिपालीची मुलगी दोन महिने आधीच आली. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या, बघवायचं नाही. यंत्र लावलं तशी ती जरा निवांत झाली. दिपालीला उठायची परवानगी नव्हती, म्हणून नवरा गणराज बघायला आला. मूळचा लातूरकडचा, इथल्या एका कंपनीत लीक टेस्टिंगला. तिथे पार्ट पाण्यात बुडवतात आणि बुडबुडा आला की माल रिजेक्ट. इथे तर बाटली नुसती खदखदत होती! पठ्ठ्याने कुणाला न विचारता नळी चिमटीत दाबली.

ताईंनी फाडकन त्याच्या हातावर मारली.

"लीक आहे की ताई हे! हवा वाया चाललीय!"

"आरं, ही तुझी कंपनी न्हाई! लेकरानं श्वास सोडला की कोवळी फुप्फुसं ओल्या पिशवीवानी चिकटत्यात. ह्या हवेचा जोर त्यास्नी उघडी ठेवतो, आन् बुडबुडे म्हंजी जोर नीट हाय. हितं बुडबुडे आले तर माल पास!"

गणराजचा चेहरा एवढासा झाला. मग ताईंनीच त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. "बस. बुडबुडे थांबले तर हाक मार मला."

त्यानंतर शिफ्ट सुटली की स्वारी स्टुलावर हजर. "आले इन्स्पेक्टर," असं म्हणून आम्ही चिडवायचो. तो हसायचा, पण नजर बाटलीवरून हलायची नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी नळ्या काढल्या. आम्ही सगळ्या बघत उभ्या. मुलगी गुलाबीच राहिली, छाती शांतपणे वरखाली होत राहिली. मला तर रडूच आलं. ताईंनी गणराजला शर्टाची बटणं काढायला लावली आणि लेक त्याच्या उघड्या छातीवर ठेवली. तो लाकडासारखा ताठ, गाल फुगलेले, तोंड लालबुंद.

ताईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "आरं, लेक घेतीया श्वास. आता तू बी घे की!"