परवानगीशिवाय

पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात, एका आश्रमात मी नवऱ्याबरोबर सहा-सात वर्षं राहिले. त्या पंथाचं नाव इथे देत नाही. बाहेर ते फारसं कुणाला ठाऊकही नाही. पंथाच्या प्रमुखांना सगळे ‘थोरले’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

आम्ही कोरेगावचे. नवरा शाळेत शिक्षक होता. दुसऱ्यांदा माझं बाळ पोटातच गेलं तेव्हा घरातली माणसं माझ्यासमोर हळू आवाजात बोलू लागली आणि नंतर बोलेनाशीच झाली. नवऱ्याच्या ओळखीचं एक जोडपं आम्हाला थोरल्यांकडे घेऊन गेलं. थोरल्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : “झोप लागते का?” तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. पुढे लोक म्हणायचे, शिकलीसवरलेली बाई तू, असल्या ठिकाणी गेलीसच कशी? त्याचं उत्तर माझ्याजवळ एवढंच आहे.

आधी आम्ही रविवारी जायचो, मग सुट्ट्यांमध्ये. मग नवऱ्याने नोकरी सोडली आणि आम्ही तिथेच राहायला गेलो. एकेक गोष्ट बंद होत गेली, पण इतकी सावकाश, की कुठली कधी बंद झाली ते आता सांगता येत नाही. चहा गेला, घरचा कुळाचार गेला, माहेरचा फोन गेला. साडी घ्यायची, केस कापायचे, तापाची गोळी घ्यायची, सगळ्याला परवानगी लागे. पुरुष एका इमारतीत, बायका दुसऱ्या. प्रत्येक बाईला एक जोडीण नेमून दिलेली असे. मनात येईल ते जोडिणीला सांगायचं आणि जोडिणीने ते थोरल्यांच्या कानावर घालायचं. माझी जोडीण माझ्याहून थोडी मोठी होती, कमी बोलणारी. आम्ही एका खोलीत झोपायचो, एका चुलीवर भाकऱ्या थापायचो. मी तिला सांगितलेलं दोन-चार दिवसांनी थोरल्यांच्या तोंडून मला परत ऐकू यायचं. मला तिचा राग येत नसे. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मग माझ्या गळ्यावर गाठ आली. सुरुवातीला हाताला लागायची, नंतर दिसायला लागली. मी दवाखान्यात जायची परवानगी मागितली. थोरले म्हणाले, “तुझ्या गळ्यात शब्द अडकलाय. मौन धर, विरघळेल.” म्हणून मी मौन धरलं. काही महिने मी कुणाशी एक अक्षर बोलले नाही. गाठ वाढतच राहिली.

एके दिवशी जेवताना भाकरीचा घास गळ्याखाली उतरेना. मी ठसकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. पंगतीतल्या बायकांनी पाहिलं आणि आपापल्या ताटात बघितलं. मी ठरवून असं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नामस्मरणाला गेले असताना पिशवीत दोन साड्या भरल्या आणि फाट्याकडे निघाले. मी पळून आले असं नातेवाईक सांगतात. मी चालत आले. पळायचं मला सुचलंच नाही.

फाट्यावर कराडची एसटी मिळाली. कंडक्टर आला. “कुठं, ताई?” मी तोंड उघडलं, पण आवाज निघेना. त्याने पुन्हा विचारलं. शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. “मुकी दिसतीया बिचारी,” तो कंडक्टरला म्हणाला. ते ऐकून मला काय झालं कोण जाणे. घोगऱ्या, परक्या आवाजात मी म्हणाले, “कराड.” म्हातारा दचकला. पुढे कराड येईपर्यंत तो खिडकीतूनच बघत बसला.

सांगलीत माझा भाऊ राहतो. फौजेतून निवृत्त झालेला, धिप्पाड, मोजकं बोलणारा. इतक्या वर्षांनी मी दारात उभी राहिले तेव्हा त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गळ्यापाशी थांबला. “लय उशीर क्येलास,” एवढंच म्हणाला. मग आत वळून वहिनीला हाक मारली, “आगं, च्या टाक.”

मिरजेला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी सहज विचारलं, “इतके दिवस अंगावर का काढलंत?” मी म्हणाले, “परवानगी नव्हती.” त्यांना वाटलं सासूची. वहिनीने सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी आम्हाला मिरजेतल्याच एका समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं.

खरं तर तेव्हा आपल्याला काही झालंय असं मला वाटतच नव्हतं. गळा बरा झाला म्हणजे मी बरी झाले. पण वहिनी विचारायची, “वन्सं, आज भाजी काय करू?” आणि मला उत्तर देता यायचं नाही. मला वांगं आवडतं की नाही हेच आठवायचं नाही. एकदा तिने मला मंडईत पाठवलं. मेथी आणि पालक शेजारी शेजारी होते. त्यांच्यासमोर मी इतका वेळ उभी राहिले की भाजीवाली म्हणाली, “काय झालं, बाई? चक्कर आली का?” मी रिकामी पिशवी घेऊन परत आले. त्या दिवशी वहिनी मला घेऊन मिरजेला त्या बाईंकडे गेली.

समुपदेशक बाई पन्नाशीच्या होत्या. खोलीत पंखा मोठ्याने फिरायचा. मला वाटलं, त्या आता थोरल्यांबद्दल वाईट बोलायला लावतील. मी आधीच सांगून टाकलं, “त्यांनी मला मारलंबिरलं नाही.”

“मी तसं विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याबद्दल तुम्ही काहीही मत ठेवा. किंवा ठेवू नका.”

मग त्यांनी मला एक काम दिलं. रोज एक लहानशी गोष्ट स्वतः ठरवून करायची आणि कुणालाही सांगायची नाही.

“तुम्हाला तरी सांगायला हवी ना?”

“मलाही नाही. मी विचारणारच नाही.”

मला ते पोरखेळ वाटलं. पहिल्या दिवशी एक अगदी किरकोळ गोष्ट केली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय ती गोष्ट पुरी झाली असं वाटेना. वहिनीजवळ जाऊन दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिने पाहिलं, पण विचारलं नाही. ती पहिली गोष्ट मी आजही सांगणार नाही.

बाईंकडे मी दीड-दोन वर्षं जात राहिले. कधी तासभर रडायचे, कधी आम्ही नुसतं हवापाण्याबद्दल बोलायचो. एकदा त्यांनी माझी आणखी दोन बायकांशी आणि एका निवृत्त कारकुनाशी भेट घालून दिली. ते वेगवेगळ्या पंथांतून बाहेर पडलेले होते. कारकून म्हणाला, “मला अजून घोरायची भीती वाटते. आमच्यात घोरणं म्हणजे तमोगुण.” आम्ही चौघंही हसलो. त्या हसण्याने मला जेवढं बरं वाटलं, तेवढं औषधाने वाटलं नव्हतं.

दरम्यान नवरा एकदा सांगलीला आला. पांढऱ्या कपड्यांत, खुर्चीच्या कडेला बसला. “थोरल्यांनी क्षमा केलीय,” तो मला म्हणाला. “चल.”

भाऊ समोरच बसला होता. “दाजी, मी बी हुकमातच जल्म काढला,” तो म्हणाला. “पण फौजेत सुट्टी असतीया. तुमच्यात सुट्टी कवा असती?”

“आमच्यात सुट्टीची गरजच पडत नाही.”

“मंग ही का आली?”

मी येत नाही, असं मीच सांगितलं. नवऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेला. आता तो दिवाळीला फोन करतो. प्रकृती विचारतो, मी त्याची विचारते. आमचं भांडण झालेलं नाही.

जोडीण आली ती त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. आश्रमाच्या उत्सवासाठी हळद घ्यायला काही बायका जीपने सांगलीला आल्या होत्या. त्यांना बाजारात सोडून ती पत्ता विचारत घरी आली. दार मी उघडलं. माझा हात कडीवरच राहिला. तीही उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. तिला घरात घ्यायचं की नाही हे मलाच ठरवायचं होतं, आणि मी “ये” म्हणाले.

वहिनीने रागारागाने कप तिच्यापुढे आपटला. त्यात चहा आहे हे जोडिणीला दिसत होतं. तिने तो उचलला आणि बशीत न ओतता घोट घोट प्यायली.

“तुला जाताना मी खिडकीतून बघितलं होतं,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काय? माझं डोकं दुखायला लागलं. दुपारपर्यंत पडून होते. कुणाशी बोलले नाही.”

दुपारपर्यंत मी सांगलीत पोहोचले होते. आवाज नीट आला का, तिने विचारलं. थोडा बसलाय, मी म्हणाले. कप रिकामा झाल्यावर तिने चूळ भरली आणि ती बाजारात गेली.

ती गेल्यावर वहिनी म्हणाली, “थांबवून का नाही घेतलीस?” मी हे पुढच्या वेळी समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला कुणी ओढून आणलं होतं का?”

जोडीण अधूनमधून येते. मी तिला आश्रमातलं विचारत नाही, ती सांगत नाही. मी आता एका बालवाडीत शिकवते आणि भावाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर भाड्याच्या खोलीत राहते. नवी साडी नेसताना अजूनही कधीकधी क्षणभर वाटतं की कुणाला तरी विचारायचं राहिलंय. मग लक्षात येतं, आणि मी निऱ्या घालते.

या वर्षी पौषात जोडीण म्हणाली, “औंधला येतेस? यमाईला.” औंध तिचं माहेर. आश्रमात जुन्या देवांना मनाई आहे, आणि तिथे येऊन राहिल्यापासून ती त्या डोंगरावर गेली नव्हती. आपल्या भावाच्या घरचं लग्न सांगून तिने रजा मिळवली होती. लग्न खरंच होतं, फक्त दुसऱ्या दिवशी.

आम्ही पायऱ्यांनी वर गेलो. तिला दम लागत होता, तीन-चार ठिकाणी बसली. वर तिने देवीची ओटी भरली आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मी बाहेर कट्ट्यावर ऊन खात बसले होते. उतरल्यावर स्टँडजवळ आम्ही गरम भजी खाल्ली. तिने वरून कच्चा कांदा मागून घेतला.

“वास येईल,” मी म्हणाले.

“येऊ दे. उद्या लग्नच आहे.”

ती भावाच्या घराकडे वळली आणि मी सांगलीच्या गाडीची चौकशी करायला खिडकीपाशी गेले.