ग्राफ्ट म्हणजे कलम

बोरगावचे गुणवंता गजभिये तीस वर्षांपासून सौंसरजवळच्या एका रोपवाटिकेत संत्र्याची कलमं बांधतात. जंबेरी लिंबाच्या खुंटाची साल चाकूनं उकलायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. शाळा चौथीपर्यंतच झालेली.

मागच्या जानेवारीत त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंच्या हातावर उकळत्या वरणाचं पातेलं उलटलं. तीन आठवडे मलमपट्टी झाली, पण जखम भरेना. शेवटी त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी हात पाहिला आणि म्हणाले, "ग्राफ्ट करावं लागेल."

आता हात कापणार, असंच सुशीलाबाईंना वाटलं. "मले घरी न्या," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

मुलगी तृप्ती पांढुर्ण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं सांगून पाहिलं की मांडीची पातळ कातडी काढून हातावर लावतात. आईला ते खरं वाटेना. मग तृप्तीनं मोबाइलवर शब्दकोश उघडला.

"बाबा, हे क्रियापद मुळात तुमच्याच कामाचं हाये. एका झाडाचा जिता तुकडा दुसऱ्या झाडावर जगवणं म्हणजे ग्राफ्ट. डॉक्टरांनी ते मागून घेतलं. जुन्या ग्रीक भाषेत त्याचं मूळ हाये, लिहायची लेखणी. डहाळी तासली का टोक लेखणीवानी दिसे, म्हणून."

"आपनबी कलमच म्हनतो," गुणवंता म्हणाले. "लिहायचीबी कलम, झाडाचीबी कलम. मी दोन शब्द अलग समजून राहिलो होतो."

मग ते पत्नीच्या खाटेवर बसले. "खुंट कोनी कापते का? खुंटाच्याच जिवावर तर डोळा जगते. तसाच तुया हात."

"आन डोळा नाही लागला तर?"

"शंभरातले दहा नाही लागत. मंग दुसरा लावतो."

सुशीलाबाईंनी बराच विचार केला आणि बरं म्हणाल्या.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी पट्टी उघडली, तेव्हा गुणवंता शेजारीच उभे होते. कातडी गुलाबी दिसत होती. मनगटाजवळचा एक कोपरा मात्र काळा पडला होता.

"तेवढं नाही लागलं," डॉक्टरांच्या आधी तेच म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर. पण लहान आहे, आपोआप भरेल. तुम्ही काय करता?"

"संत्र्याले ग्राफ्ट करतो, साहेब."

तो कोपरा भरायला दीड महिना लागला. हाताच्या रंगात फरक राहिला, पण सुशीलाबाई पदरानं तो झाकत नाहीत.

पुढे तृप्तीनं आठवीच्या वर्गात हे क्रियापद शिकवायला घेतलं. आदल्या संध्याकाळी घरी वाक्यं काढताना तिनं वडिलांना सांगितलं, की लाच खाण्यालाही इंग्रजीत ग्राफ्टच म्हणतात.

गुणवंतांना ते आवडलं नाही. "तो अर्थ पोरांले नको शिकवू."

"परीक्षेत येते, बाबा."

"मंग सगळ्यात शेवटी शिकव," ते म्हणाले.